लँडस्केप चॅप्टर आणि विद्यार्थी : या चुका टाळा

लँडस्केप आर्किटेक्चर, म्हणजे मोकळ्या जागांची आखणी, शिकणाऱ्या मुलांना आपल्याकडे व्यावसायिक संस्थेच्या स्थानिक चॅप्टरची, म्हणजे शाखेची, गरज जरा जास्तच असते. शिकवणारी महाविद्यालयं मोजकी, व्यवसाय करणारे चार शहरांत गोळा झालेले, आणि घरी विचारावं तर "म्हणजे बागा करायच्या का?" असा प्रश्न. इसोला, म्हणजे इंडियन सोसायटी ऑफ लँडस्केप आर्किटेक्ट्स, २००३ साली स्थापन झाली. तिच्या चॅप्टरांत पदरमोड करून काम करणारी माणसं आहेत. तरीही मुलं एका कार्यक्रमाला येतात आणि पुन्हा दिसत नाहीत. मला याचं मोठं कारण एकच वाटतं. आपण त्यांना सभागृहात बसवतो, आणि त्यांना हवी असते जमीन, तीही वारंवार.

सगळं एप्रिलमध्ये करणं

जगभर एप्रिल हा लँडस्केप आर्किटेक्चरचा महिना म्हणून साजरा होतो, म्हणून आपणही व्याख्यानं, स्पर्धा, प्रदर्शन सगळं एप्रिलमध्ये कोंबतो. इथे मात्र तो सबमिशनचा आणि ज्युरीचा, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडण्याचा, काळ. थिसिसवाली मुलं तर झोपेलाही महाग झालेली असतात. मग खुर्च्या रिकाम्या दिसल्या की "आजकालच्या मुलांना आवड नाही" हा निष्कर्ष निघतो, आणि तो अन्यायाचा आहे.

एप्रिल नागरिकांसाठी ठेवा. बहावा आणि ताम्हण फुललेले असतात, लोकांना दाखवायला याहून चांगला काळ नाही. मुलांना जुलै-ऑगस्टमध्ये बाहेर काढा. ड्रॉइंगवर दाखवलेला उतार खरंच तसा आहे का, पाणी गटाराच्या चेंबरकडे जातं की भिंतीच्या पायाशी तुंबतं, नव्या भरावावरची माती कुठे धुपली, हे मुसळधार पावसात छत्री घेऊन उभं राहिल्यावर दहा मिनिटांत कळतं. दोन सोसायट्या आणि एक सार्वजनिक उद्यान एवढं पुरे. सोबत साइटचा कंटूर प्लॅन, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणारा नकाशा, द्या आणि प्रत्येकाला पाण्याची वाट त्यावर पेन्सिलीने काढायला लावा. सेमिस्टरची सुरुवात असल्यामुळे हे निरीक्षण लगेच डिझाइनमध्ये उतरतं.

झाडांची ओळख एकाच फेरीत उरकणं

ही चूक मला सगळ्यात जास्त खुपते. मुलांना शास्त्रीय नावं पाठ असतात, पण फेब्रुवारीत निष्पर्ण उभी असलेली काटेसावर आणि पांगारा ओळखताना गडबड होते. कारण वर्षातून एकदा, बहुधा पावसाळ्यात, सगळं हिरवंगार असताना फेरी निघालेली असते. पानगळीचं झाड एका भेटीत ओळखीचं होत नाही.

त्यासाठी मार्ग एकच ठेवा आणि ऋतू बदला. पुण्यात एम्प्रेस गार्डन यासाठी उत्तम आहे. जुने, पूर्ण वाढलेले वृक्ष तिथे आहेत आणि प्रचंड कांचनवेल आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये जा, मेमध्ये जा, पावसाळ्यात जा, ऑक्टोबरात जा. दर वेळी तीच ठरलेली झाडं पाहायची. पानं आहेत का, फुलोरा कुठे आहे, खाली सावली गडद की विरळ, मुळांनी फरसबंदी उचलली आहे का, हे टिपायचं. टेप नेऊन खोडाचा घेर आणि पर्णसंभाराचा विस्तार मोजायला लावा. प्लॅनवर रेन ट्रीसाठी सहा मीटरचं वर्तुळ काढणाऱ्या मुलाने वीस मीटरहून मोठा विस्तार स्वतः पावलांनी मोजला, की तो ते वर्तुळ पुन्हा काढत नाही.

याच्या जोडीला नर्सरी हवीच. उरुळी कांचन परिसरात किंवा सोलापूर रस्त्यावर एक सकाळ घालवली तर पिशवीचा आकार, रोपाची उंची आणि दर यांचं नातं समजतं. बीओक्यूमध्ये, म्हणजे कामाच्या परिमाणांच्या यादीत, नुसतं झाडाचं नाव लिहिणं किती अपुरं आहे, हे नर्सरीवाला स्वतःच सांगतो.

टेकडीवर वृक्षारोपण

बॅनर, खड्डे, फोटो, आणि उन्हाळ्यापर्यंत वाळलेली रोपं. मुलांचा उत्साह खरा असतो, म्हणूनच तो असा वाया घालवू नये. पुण्याच्या टेकड्यांवर बेसॉल्टच्या खडकावर मातीचा पातळ थर आहे. तिथलं गवत आणि पावसाळी रानफुलं म्हणजे ओसाड जागा नव्हे. जुन्या लागवडीतली बाहेरून आणलेली ग्लिरिसिडियाची झाडं समोर उभी असताना मुलांच्या हाती पुन्हा कुदळ देण्याऐवजी एक मीटरची चौकट द्या आणि तिच्यातल्या वनस्पती नोंदवायला लावा. लावायचंच असेल तर महाविद्यालयाच्या आवारात लावा आणि पहिल्या तीन उन्हाळ्यांच्या पाण्याची जबाबदारी आधी ठरवा.

इंटर्नशिपबद्दल गप्प राहणं

"कुठे जाऊ? पैसे देतात का?" हे मुलं चारचौघांत विचारत नाहीत. चॅप्टरने एक पानी नमुना करारच तयार ठेवावा. त्यात विद्यावेतन, कामाचे तास आणि महिन्यातून किमान काही साइट भेटी लिहिलेल्या असाव्यात. सहा महिने फक्त फोटोशॉपमध्ये झाडं चिकटवून परतलेल्या मुलीने काय शिकायचं?

नोंदणीबद्दलही स्पष्ट बोला. आर्किटेक्टची नोंदणी १९७२च्या कायद्याखाली कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे होते, लँडस्केप आर्किटेक्टसाठी तसा स्वतंत्र कायदा नाही. याचा कामावर, फीवर, टेंडरवर काय परिणाम होतो, हे प्रवेशाआधीच कळायला हवं.

पुण्या-मुंबईपलीकडे फक्त लिंक पाठवणं

कोल्हापूर, नाशिक, रत्नागिरीच्या मुलांना ऑनलाइन व्याख्यानाची लिंक गेली की आपल्याला काम झालं असं वाटतं. त्याऐवजी वर्षातून दोनदा दोन सदस्य तिकडे जाऊ देत. कोल्हापुरात रंकाळा आहे, २०१९ आणि २०२१चा पंचगंगेचा महापूर लोकांच्या आठवणीत ताजा आहे. पाणी कुठवर आलं होतं, हे नदीकाठच्या घरांत विचारत फिरणं हाच एक उत्तम अभ्यास. गोव्यात खाजन शेती, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेती, पाहा. खारं पाणी अडवणारे बांध आणि भरती-ओहोटीप्रमाणे उघडणारी-मिटणारी मानस, म्हणजे पाण्याची झडप, समजावून सांगायला तिथला शेतकरीच वक्ता म्हणून बोलवा, आणि त्याला रीतसर मानधन द्या. बोलणं मराठीत, कोंकणीत होऊ दे, म्हणजे मागच्या बाकावरचेही प्रश्न विचारतात.

निरोप प्राचार्यांच्या ईमेलवर थांबणं

तो सूचनाफलकापर्यंत पोचतो तेव्हा तारीख उलटलेली असते. प्रत्येक महाविद्यालयातून दोन प्रतिनिधी घ्या, एक बी.आर्क.चा आणि जिथे पदव्युत्तर कोर्स असेल तिथे एक एम.आर्क.चा. जुन्याने नव्याला जूनमध्ये सगळे संपर्क, फोटो आणि झाडांच्या नोंदी सोपवायच्या. पास झालेल्या मुलांची नावं त्याच वेळी काढून ठेवा आणि प्रत्येकाला पहिल्या नोकरीच्या वर्षासाठी एक अनुभवी सदस्य जोडून द्या. पहिला ठेकेदार "मॅडम, हे झाड मिळत नाही, दुसरं लावतो" म्हणतो, तेव्हा फोन करायला कुणीतरी हवं असतं.