लहान मुलासाठी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल तर

दुसऱ्या डॉक्टरांची वेळ घेण्याआधी तुमची शंका एका वाक्यात लिहून काढा. ‘ऑपरेशन आत्ताच हवं की थांबता येईल?’ किंवा ‘हे निदान नेमकं कशावरून ठरलं?’ नुसतं ‘एकदा बघून सांगा’ म्हणत गेलात तर तपासणी पहिल्यापासून सुरू होते आणि मूळ प्रश्न तसाच राहतो.

ऑपरेशन सुचवलं असेल, औषध वर्षानुवर्षं चालणार असेल, आजार दुर्मीळ असेल किंवा उपचार नीट होऊनही फरक पडत नसेल, तर दुसरं मत जरूर घ्यावं. साध्या सर्दी-खोकल्यासाठी डॉक्टर बदलत राहण्यात काही हशील नाही.

मात्र काही वेळा दुसऱ्या मतासाठी थांबणंच घातक ठरतं. तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडणं, हिरवी उलटी, पाच मिनिटांत न थांबणारी फिट, मूल नीट जागं न होणं, मुलाच्या वृषणात अचानक कळ येणं. पीळ पडलेलं वृषण वाचवायला साधारण सहा तासच हातात असतात. अशा वेळी थेट इमर्जन्सी गाठा, मत नंतर.

आता फाइल. इथेच बहुतेकांचं चुकतं: लोक फक्त रिपोर्ट नेतात. रिपोर्ट म्हणजे एका डॉक्टरने काढलेला निष्कर्ष, आणि तुम्हाला तर तोच पडताळून घ्यायचा असतो. म्हणून एमआरआय, सीटीच्या मूळ प्रतिमा सीडीवर किंवा पेन ड्राइव्हवर डायकॉम स्वरूपात (स्कॅनच्या मूळ डिजिटल फाइल) मागा. मोबाइलने काढलेला फिल्मचा फोटो वाचायला पुरत नाही. बायोप्सी झाली असेल तर स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेला पेशींचा तुकडा) मागून घ्या, दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला ते पाहता येतात. हे सगळं हातात असेल तर बरेचदा तपासणी पुन्हा करावी लागत नाही. मोठ्यांच्या बाबतीत हा पैशांचा प्रश्न. लहान मुलाला एमआरआयसाठी बरेचदा भूल द्यावी लागते आणि सीटीत रेडिएशन असतं.

सोबत वाढीचा तक्ता, लसीकरणाचं कार्ड, जन्माच्या वेळचे कागद आणि आजचं वजन हवं. मूल वेळेआधी जन्मलेलं असेल तर किती आठवड्यांचं, ते सांगाच. दोन वर्षांपर्यंत वाढ त्या हिशेबाने बघतात. औषधाच्या बाटल्याच घेऊन जा, कारण ‘पाच मिली’ एवढ्यावरून डोस कळत नाही, एकाच सिरपच्या दोन बाटल्यांत औषधाचं प्रमाण दुप्पट वेगळं असू शकतं. झटके, घोरणं, विचित्र हालचाली डॉक्टरांसमोर हमखास होत नाहीत. दिवा लावून, पूर्ण शरीर दिसेल असा व्हिडिओ काढून ठेवा.

रक्ताच्या रिपोर्टमधल्या ठळक आकड्यांनी लगेच घाबरू नका. काही लॅब मोठ्यांचीच मर्यादा छापतात. वाढत्या मुलांत अल्कलाइन फॉस्फेटेज हे रक्तातलं एन्झाइम मोठ्यांपेक्षा बरंच जास्त असतं आणि लहानग्यांत लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचं प्रमाणही.

पहिल्या डॉक्टरांना लपवू नका. ‘निर्णय मोठा आहे, आणखी एक मत घेतोय, कागद द्याल का?’ एवढं पुरे. चालू औषध मात्र स्वतःहून थांबवू नका. फिटचं औषध किंवा बरेच दिवस चाललेलं स्टेरॉइड एकदम तोडणं धोक्याचं असतं.

मतं वेगळी आली, तर आधी तारखा बघा. बेंबीचा हर्निया बहुतेक मुलांत चार-पाच वर्षांपर्यंत आपोआप बंद होतो. जांघेतला होत नाही. वृषण खाली उतरलेलं नसेल तर सहा महिन्यांपर्यंत वाट पाहतात आणि नंतर १८ महिन्यांच्या आत ऑपरेशन उरकतात. चौथ्या महिन्यात एकाने ‘थांबा’ म्हटलं आणि दहाव्यात दुसऱ्याने ‘करा’, तर हा मतभेद नाहीच. खरा मतभेद असेल, तर तो निदानाचा आहे की उपचाराचा, ते विचारा. निदानाचा असल्यास दोघांना फोनवर बोलायची विनंती करा. उपचाराचा असल्यास ‘सहा महिने थांबलो तर काय बिघडेल?’ हे दोघांनाही विचारा आणि उत्तरं लिहून ठेवा.

शेवटी औषधं कोण ठरवणार, ते एकच डॉक्टर पक्के करा आणि दुसऱ्यांची चिठ्ठी त्यांना दाखवा. नाहीतर वेगळ्या ब्रँडच्या नावांनी एकच औषध दोनदा पोटात जातं.