साथीच्या दिवसांत किराणा आणायला जाताना

2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि आमच्या गल्लीतल्या दुकानदाराने रस्त्यावर चुन्याने गोल आखले. लोक आपापल्या गोलात निमूट उभे राहायचे. नंबर आला, की काउंटरवर ओणवे व्हायचे, मास्क हनुवटीवर ओढायचे आणि ओरडायचे, "अर्धा किलो तूरडाळ!" पलीकडून दुकानदारही मास्क खाली करून विचारायचा, "साधी की पॉलिश?" तासभर पाळलेलं अंतर तिथेच फुकट.

कोविड किंवा फ्लूसारख्या साथीत खरी भीती असते ती जवळून बोलणाऱ्या-खोकणाऱ्या माणसाची आणि कोंदट हवेची. बिस्किटाच्या पुड्यावरून लागण होण्याची शक्यता त्यामानाने फार कमी. काळजी घ्यायची ती याच हिशेबाने.

म्हणून पहिलं काम घरी करायचं: यादी लिहायची. चिठ्ठी द्या किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून ठेवा आणि बांधलेलं सामान उचलून या. दुकानात दोन मिनिटं थांबणं आणि वीस मिनिटं थांबणं यात मोठा फरक आहे. घरातल्या एकानेच जावं. अंगात कणकण असेल, घसा खवखवत असेल, तर शेजाऱ्यांना सांगा किंवा सामान दारात ठेवायला सांगा. संध्याकाळी सहा-सातची गर्दी टाळा. दुपारी जाता येतं, पण पुण्यात राहत असाल तर दुकान उघडं आहे का ते आधी विचारा.

मास्क नाकावर हवा आणि बोलतानाही तिथेच राहायला हवा. 2009 मध्ये स्वाइन फ्लू आला तेव्हा आम्ही खिशातला रुमालच बांधून फिरत होतो. काहीच नसेल तर ठीक, पण कडेने फट राहू न देणारा चांगला मास्क त्याहून कितीतरी बरा.

दुकानात हात आवरा. तांदूळ मुठीत घेऊन बघायची, शेंगदाणा तोंडात टाकायची सवय या दिवसांत सोडाच. दुकानदाराच्याही दोन सवयी असतात: बोट जिभेला लावून नोटा मोजायच्या आणि फुंकर मारून पिशवी उघडायची. त्या फुंकरीतच पुढे आपली साखर पडते! टोकलं तर राग येतो, म्हणून मी स्वतःची कापडी पिशवी तोंड उघडून धरते आणि म्हणते, "काका, यातच ओता." पैसे क्यूआर कोडने दिले की नोटांचा प्रश्नही मिटतो. मात्र मोबाइल हाताळलेला हात लगेच डोळ्यांना-नाकाला लावू नका.

दुकान तुमचं असेल तर सॅनिटायझरच्या बाटलीआधी हवेकडे बघा. दारं-खिडक्या उघड्या, एक्झॉस्ट पंखा चालू आणि गिऱ्हाईक शक्यतो बाहेरच. काउंटर आधी साबणाच्या पाण्याने पुसा. ब्लीच वापरायचं तर बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात पाणी घालून. संडास साफ करायच्या अ‍ॅसिडमध्ये ते कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. आणि खोकणाऱ्या पोऱ्याला पगार न कापता घरी पाठवा. पगार कापलात तर पुढच्या वेळी तो खोकला लपवेल.

घरी आल्यावर सामान जागेवर ठेवून साबणाने 20 सेकंद हात धुवायचे, बोटांच्या बेचक्यांसकट. साबण नसेल तर किमान 60 टक्के अल्कोहोल असलेला सॅनिटायझर चालतो. साथ उलट्या-जुलाबांची असेल तर मात्र त्यावर विसंबू नका. नोरोव्हायरससारखे काही विषाणू त्याला फारशी दाद देत नाहीत, तिथे साबण-पाणीच हवं.

त्या वर्षी आम्ही दुधाच्या पिशव्यांना आंघोळ घातली आणि टोमॅटो भांड्याच्या साबणाने धुतले. टोमॅटोचं ते चुकलंच. साबणाचा अंश राहिला तर पोट बिघडतं. भाजी नुसत्या वाहत्या पाण्याखाली चोळून धुवायची आणि कापडी पिशवी रोजच्या कपड्यांबरोबर धुवायला टाकायची.