जुन्या कारखान्याशेजारच्या बोअरचं पाणी कसं तपासावं
टीडीएस मीटर बुडवून 'पाणी चांगलं आहे' सांगणाऱ्यावर विसंबू नका. ते मीटर विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं. शिसं किंवा बेंझिन घातक ठरण्याइतकं असलं, तरी त्याचा आकडा हलत नाही.

आधी त्या जागेवर काय चालायचं ते शोधा. चेंबूर, कुर्ला, साकीनाक्याला आज जिथे टॉवर आहेत, तिथे कित्येक ठिकाणी पूर्वी कारखाने आणि गाळे होते. जुन्या रहिवाशांना विचारा. इलेक्ट्रोप्लेटिंग असेल तर क्रोमियम, निकेल, कॅडमियम, सायनाइड तपासा. बॅटऱ्या वितळवत असतील तर शिसं. इंधनाच्या टाक्या किंवा सॉल्व्हंट (रंग, ग्रीस वगैरे विरघळवणारे द्रव) असतील तर हवेत उडून जाणारी रसायनं. ही नावं लॅबला लेखी द्या. नुसती 'पिण्याच्या पाण्याची टेस्ट' मागितलीत, तर यातलं बरंचसं तपासलंच जाणार नाही. लॅबला त्याच घटकांसाठी एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता आहे का, ते बघा. बाटल्याही लॅबकडूनच घ्या.

आता नमुना. पहिल्या वेळी मी इथेच चुकलो. गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या नळाचं पाणी भरून दिलं, रिपोर्ट स्वच्छ आला आणि आम्ही निर्धास्त झालो. उडून जाणारी रसायनं टाकीत पडता पडताच निघून गेली असणार, हे नंतर कळलं. म्हणून नमुना पंपाच्या तोंडाशीच घ्या, टाकीच्या आधी.

त्याआधी बोअरमध्ये साचलेलं पाणी उपसावं लागतं. 'पाच मिनिटं पंप चालवा' हा सल्ला चुकीचा आहे. सहा इंची बोअरमध्ये दर मीटरला साधारण १८ लिटर पाणी असतं. ४० मीटर पाणी उभं असेल तर ७२० लिटर, आणि उपसायचं त्याच्या तिप्पट, म्हणजे २१६० लिटर. पंप मिनिटाला ६० लिटर देत असेल, तर ३६ मिनिटं लागतात. तेवढी थांबायची तयारी नसेल तर नमुना घेऊच नका.

उडणाऱ्या रसायनांसाठी ४० मिलीची काचेची बाटली मिळते. आत लॅबने आम्ल घातलेलं असतं, त्यामुळे ती विसळायची नाही, ओसंडूनही वाहू द्यायची नाही. पाण्याची धार बारीक करा, बाटली तिरकी धरून कडेने भरा. पाणी तोंडावर फुगीर दिसलं की बूच लावा. मग उलटी करून टिचकी मारा. बुडबुडा दिसला तर वरून पाणी घालू नका, ती बाटली बाद करून नवी घ्या. धातूंच्या बाटलीत नायट्रिक आम्ल असतं, म्हणून हातमोजे घाला.

बाटल्या बर्फाच्या डब्यात, त्याच दिवशी लॅबला.

रिपोर्टमध्ये 'बीडीएल' (म्हणजे मोजता येण्याइतकं सापडलं नाही) लिहिलं असेल तर लॅबची मोजण्याची किमान मर्यादा विचारा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानक १०५०० प्रमाणे लिटरला शिसं ०.०१, कॅडमियम ०.००३, एकूण क्रोमियम ०.०५ मिलिग्रॅमच्या वर नको. शिशासाठी लॅबची मर्यादाच ०.०५ असेल, तर त्या 'बीडीएल'ला काही अर्थ नाही.

मेअखेर एकदा, पावसाळ्यानंतर एकदा तपासा. रिपोर्ट येईपर्यंत ते पाणी स्वयंपाकाला वापरू नका, उकळूनही नाही: पाणी आटतं, धातू तेवढेच राहतात. आणि सॉल्व्हंटचा संशय असेल तर गरम पाण्याची आंघोळही टाळा. ती द्रव्यं वाफेबरोबर छातीत जातात.