बासष्ट आणि बासष्टावं : दफनभूमीच्या नोंदींचं दफ्तर सांभाळताना

दफनभूमीच्या नोंदींचं ऑनलाइन दफ्तर सुरू करू पाहणारे मला पहिला प्रश्न बहुतेक वेळा सॉफ्टवेअरचाच विचारतात. डेटाबेस कोणता, होस्टिंग कुठलं, फोटो किती मोठे ठेवायचे. ते तुम्ही शोधून काढालच, आणि चुकलात तरी वर्षभरानं बदलता येईल. मी फसले ते एका रकान्यात, ‘जन्मवर्ष’ नावाच्या. त्यातून अजून पुरती बाहेर पडलेले नाही. म्हणून बाकीचं थोडक्यात आणि हे सविस्तर सांगते.

एका दगडावर १४ मे १८४३ ही मृत्यूची तारीख होती आणि वयात बासष्टचा आकडा. जन्मतारीख कोरलेली नव्हती. जुन्या दगडांवर पुष्कळदा नसतेच. मी १८४३ मधून ६२ वजा केले, रकान्यात १७८१ लिहिलं आणि पुढच्या दगडाकडे वळले. शोधणाऱ्याला मदत होईल असं मनापासून वाटलं होतं. रिकामा रकाना मला तेव्हा कामचुकारपणासारखा दिसायचा.

या एका वजाबाकीत दोन चुका आहेत. पहिली सगळ्यांनाच होते. वय खरोखर ६२ पूर्ण असेल, तरी जन्म १५ मे १७८० ते १४ मे १७८१ यांच्यामध्ये कधीही झालेला असू शकतो. म्हणजे उत्तर एक साल नसून बारा महिन्यांचा पट्टा आहे, आणि तो दोन सालांत पसरलेला आहे. दुसरी चूक जास्त खोल आहे. जुन्या इंग्रजी दगडांवर वय दोन तऱ्हांनी लिहितात. एक ‘एज्ड सिक्स्टी-टू इयर्स’, आणि दुसरी ‘इन द सिक्स्टी-सेकंड इयर ऑफ हिज एज’. ही दुसरी तऱ्हा म्हणजे आपण म्हणतो ते ‘बासष्टावं लागलं होतं’. एकसष्ट पूर्ण, बासष्टावं चालू. माझा दगड या दुसऱ्या तऱ्हेचा होता. खरा पट्टा १५ मे १७८१ ते १४ मे १७८२ असा येत होता, आणि मी आकडा तेवढा उचलून बाकीचे शब्द सोडून दिले होते.

एका वर्षानं काय बिघडतं, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. त्या माणसाच्या आईवडिलांना जानेवारी १७८१ मध्ये एक मुलगा झाला होता, तो दोन महिन्यांत गेला. फेब्रुवारी १७८२ मध्ये झालेल्या मुलाला त्यांनी तेच नाव ठेवलं. गेलेल्या बाळाचं नाव पुढच्या बाळाला देणं तेव्हा नवलाचं नव्हतं. दगड दुसऱ्या मुलाचा होता, आणि माझं १७८१ जाऊन चिकटलं पहिल्याला. वंशजांनी बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत १७८१ शोधलं, सापडलं, जुळलं. मग त्याच बाळाच्या दफनाची नोंद समोर आली तेव्हा ती ‘दुसऱ्या कुणाची तरी’ म्हणून बाजूला ठेवली गेली. दोन महिन्यांचं ते लेकरू माझ्या वजाबाकीनं आपल्याच घराण्यातून पुसलं गेलं. हे आठवलं की अजूनही आतडं तुटतं.

खरी भीती मला त्यानंतर कळली. कुणीतरी शंका काढली की १७८२ ची नोंद जास्त जुळते, तर दुसऱ्या एकानं मला लिहिलं, ‘१७८१ च बरोबर, तीन वेगवेगळ्या वंशावळींत तसंच आहे.’ मी त्या तिन्ही वंशावळी उघडल्या. तिघांनी ते साल माझ्याच दफ्तरातून घेतलं होतं. माझा अंदाज तीन घरं फिरून पुरावा होऊन माझ्या दारात परत आला होता. वंशावळ शोधणारी माणसं दगड पाहायला येऊ शकत नाहीत म्हणून तर आपल्याकडे येतात. आपण लिहू ते त्यांच्यासाठी दगडावरचंच असतं.

आता उपाय. दगडावरचा मजकूर आणि त्यावरून काढलेला अर्थ एका रकान्यात कधीही ठेवू नका. पहिल्या रकान्यात दगड जसाच्या तसा उतरवा. ओळ जिथं तुटते तिथं तिरकी रेघ, न वाचलेलं अक्षर चौकटी कंसात, कारागिराची शुद्धलेखनाची चूक चुकीसकट. हा रकाना भरला की त्याला कुलूप लावा. तुम्हीसुद्धा तो बदलायचा नाही. दुरुस्ती हवी तर खाली नवी नोंद, तारखेसह आणि ती करणाऱ्याच्या सहीसह. दुसऱ्या रकान्यात अर्थ येईल : जन्म अमुक ते अमुक यांच्या दरम्यान, हिशेबानं काढलेला. तिसऱ्यात, हे कशावरून घेतलं : दगड, दफनाची नोंदवही, फोटो, की कुणाची तरी जुनी नक्कल. वंशावळींची देवाणघेवाण १९८४ पासून जेडकॉम नावाच्या फाइलींतून होत आली आहे. त्यात तारखेच्या आधी ‘कॅल’ लिहिलं की ती हिशेबानं काढलेली आहे असं कळतं, ‘एबीटी’ म्हणजे सुमारे. सोय तयार असते, आणि मी ती वापरली नव्हती.

तारखांचंही तसंच. ब्रिटन आणि त्याच्या वसाहतींनी १७५२ मध्ये कॅलेंडर बदललं. २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला. त्याआधी इंग्लंडमध्ये नवं साल २५ मार्चला लागायचं. जॉर्ज वॉशिंग्टनचा जन्म जुन्या पद्धतीनं ११ फेब्रुवारी १७३१ आणि नव्या पद्धतीनं २२ फेब्रुवारी १७३२ असा लिहिला जातो, तो यामुळेच. रशियानं हा बदल थेट १९१८ मध्ये केला. तेव्हा दगडावर फेब्रुवारी १७३१ दिसला तर तो तसाच उतरवा. ‘दुरुस्त’ केलेली तारीख पुढच्या माणसानं पुन्हा दुरुस्त केली की हिशेब एका वर्षानं पुढे सरकतो.

आणि नावं. शोध सोपा व्हावा म्हणून स्पेलिंग एकसारखं करायचा मोह होतो. करू नका, पर्यायी स्पेलिंग वेगळ्या रकान्यात द्या. ‘साउंडेक्स सगळं सांभाळून घेईल’ असंही तुम्हाला सांगतील. १९१८ साली पेटंट मिळालेली, सारख्या उच्चाराची नावं जुळवून देणारी ही युक्ती अजून उपयोगाची आहे, पण ती नावाचं पहिलं अक्षर जसंच्या तसं ठेवते. त्यामुळे ‘सी’नं सुरू होणारी कॅथरीन आणि ‘के’नं सुरू होणारी कॅथरीन तिच्या लेखी दोन निराळ्या बायका आहेत.

इथवर वाचून घाबरला असाल, तर घाबरू नका. मजकूर तेवढा शाबूत ठेवलात की बाकीच्या सगळ्या चुका निस्तरता येतात. त्या दगडाच्या बाबतीत मी वाचले ती एका वहीमुळे. ज्यांच्याकडून मी हे काम शिकले त्या निवृत्त ग्रंथपाल होत्या. त्यांनी पहिल्या काही रांगा माझ्याकडून पेन्सिलीनं वहीत उतरवून घेतल्या, प्रत्येक रांगेतले दगड दोनदा मोजायला लावले, आणि आकडा जुळल्याशिवाय पुढे जाऊ दिलं नाही. मला ते फार संथ वाटायचं. पुढे दुसरे एक जाणकार भेटले. ‘आधी साइट उभी करा, डेटा मागाहून सुधारता येतो,’ असं ते म्हणाले. ते कानाला गोड लागलं आणि मी वही सोडून थेट मोबाइलवर भरायला लागले. मागाहून परत गेले तेव्हा त्या दगडाचा दर्शनी थर पापुद्र्यासारखा सुटून खाली पडला होता. वालुकाश्माचं असं होतं, पाणी आत मुरतं आणि थर सुटतात. वहीत मात्र ‘सिक्स्टी-सेकंड इयर’ माझ्याच अक्षरात होतं. मोबाइलवर भरलेल्या रांगांना असा आधार नाही. माझं ठाम मत आहे, मार्गदर्शक निवडताना ज्याच्याजवळ जुन्या वह्या आहेत तो निवडा.

दगड वाचायच्या आडवाटांबद्दल मी कडक आहे. खडू घासू नका, दाढीचा फेस लावू नका, तारेचा ब्रश तर हातातही घेऊ नका. फेसात आम्लं असतात आणि ती दगडात मुरतात. खडूचे कण संगमरवराच्या भेगांत वर्षानुवर्षं राहतात. एक आरसा न्या आणि ऊन दगडाच्या कडेनं तिरपं पाडा, उथळ अक्षरंही सावलीनं उठून दिसतात. फोटोवरून मजकूर आपोआप वाचणारी साधनं शोधाला मदत म्हणून ठीक. कुलूपवाल्या रकान्यात त्यांचं वाचन माणसानं ताडून पाहिल्याशिवाय जाऊ देऊ नका. झिजलेला ३ आणि ८ ती बिनदिक्कत एकाचा दुसरा करतात.

फोनच्या जीपीएसवर कबरीची जागा ठरवू नका. मोकळ्या आकाशाखालीही फोन पाचेक मीटर इकडेतिकडे दाखवतो, झाडांखाली त्याहून जास्त. तेवढ्यात शेजारची रांग येते. रांग आणि क्रमांक असलेला हातानं काढलेला नकाशा आधी करा. शेजारी कोण पुरलंय यावरूनच कित्येकदा माहेरचं नातं सापडतं.

दगड आहे म्हणजे देह तिथंच आहे, असंही धरू नका. बेल्जियममधल्या मेनिन गेट या युद्धस्मारकावर ५४,००० हून अधिक सैनिकांची नावं आहेत, आणि ज्यांची कबर माहीत नाही अशांसाठीच तो उभारला. छोट्या दफनभूमीतही दूरदेशी गेलेल्या मुलाचं नाव आईबापांच्या दगडावर कोरलेलं असतं. ‘स्मरणार्थ’ आणि ‘दफन’ हे दोन वेगळे रकाने ठेवा.

एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून पाळा. जोडीदाराचं नाव आणि जन्मतारीख कोरलेली आहे आणि मृत्यूची जागा कोरी आहे, असा दगड दिसला तर ते माणूस कदाचित जिवंत आहे. त्याची जन्मतारीख झाका. अलीकडच्या दफनांच्या नोंदींत आईचं माहेरचं आडनाव उघड करू नका, बँका ओळख पटवायला तेच विचारतात. युरोपचा डेटा संरक्षण कायदा मृतांना लागू होत नाही हे खरं, पण दगडावर जिवंत माणसंही असतात. आणि एखाद्या आईनं आपल्या बाळाच्या कबरीचा फोटो काढून टाकायला सांगितला, तर कारण न विचारता लगेच काढा.

कबरींच्या नोंदी आणि फोटो ठेवणारी मोठी संकेतस्थळं आहेतच : फाइंड अ ग्रेव्ह १९९५ पासून, बिलियनग्रेव्ह्ज २०११ पासून. मग आपलं छोटं दफ्तर कशाला, हा प्रश्न तुम्हालाही पडेल. मला ते हवंच वाटतं, कारण नोंदवही, नकाशा आणि दगड एकमेकांशी ताडून पाहायला तिथं राहून काम करणारं कुणीतरी लागतं. फक्त त्या संकेतस्थळांवरचे फोटो उचलून आणू नका. ते काढणाऱ्या स्वयंसेवकांचे आहेत, विचारलं तर बरेच जण आनंदानं देतात. तुमच्या फाइलींच्या तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या गावी, आणि साध्या मजकुराच्या रूपात एक प्रत एखाद्या ग्रंथालयाला द्या.

मोबाइलवर भरलेल्या त्या रांगा मी आता एकेक करून पुन्हा पाहते आहे. दगड वाचता आला तर मजकूर नव्यानं उतरवते. नाही आला तर जन्मवर्ष काढून टाकते आणि लिहिते, ‘मूळ मजकूर जपलेला नाही, वय ६२ की बासष्टावं, कळत नाही.’ दोन महिन्यांच्या त्या बाळाची नोंद आता भावाच्या नोंदीला जोडलेली आहे. त्याच्या नावावर दगड नाही. दफनाच्या नोंदवहीतली मार्च १७८१ ची एक ओळ आहे, तीच तिथं उतरवली आहे.