शिस्टचा तुकडा हातात आला की

शिस्ट म्हणजे जमिनीखाली उष्णतेने आणि दाबाने रूप बदललेला, पत्र्यापत्र्यांचा खडक. तो हातात आला की नवखे आधी विचारतात, "हा खडक किती तापला असेल?" मी उलटा प्रश्न टाकतो: तो मुळात कशाचा होता? शुद्ध वाळूचा खडक कितीही तापवा, क्वार्टझाइटच होणार. त्यात गार्नेट हे खनिज शोधण्यात वेळ घालवू नका. त्याला लागणारं ॲल्युमिनियम आणि लोह त्या वाळूत नव्हतंच. शुद्ध चुनखडीचा संगमरवरही तापमानाबद्दल जवळजवळ मुकाच. बोलका असतो तो चिखलाचा खडक. त्या खडकात, म्हणजे शेलमध्ये, सगळं ठासून भरलेलं असतं, पाणीसुद्धा.

तुकडा ताजा फोडून घ्या, हवापाण्याने खाल्लेल्या पृष्ठभागावर काही कळत नाही. उन्हात तिरका धरून भिंगातून पाहा. हिरवट, नखाने ओरखडले जाणारे पत्रे क्लोराइटचे. काळसर तपकिरी पत्रे बायोटाइटचे. त्यापुढे तांबडे गोलसर गार्नेट, मग स्टॉरोलाइट (याचे स्फटिक कधीकधी एकमेकांत फुलीसारखे घुसलेले दिसतात), कायनाइट आणि शेवटी सिलिमनाइटचे पांढरे तंतू. वाढत्या तापमानाच्या या चढत्या क्रमाचा पाया भूवैज्ञानिक जॉर्ज बॅरो यांनी 1893 मध्ये स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात घातला. हिशेबात धरायचं ते सर्वांत वरच्या पायरीचं खनिज. गार्नेटच्या शेजारी बायोटाइट असणारच, त्यावरून खाली उतरू नका.

कायनाइटची खात्री चाकूने होते. निळसर पात्यावर लांबीच्या दिशेने टोक ओढा, ओरखडा उमटतो. तेच आडवं ओढा, चाकू घसरतो. ही चाचणी मला रंगापेक्षा कितीतरी भरवशाची वाटते. कायनाइट, अँडाल्युसाइट आणि सिलिमनाइट, तिघांचं रासायनिक सूत्र एकच. दाब जास्त असेल तर कायनाइट, दाब कमी असेल तर अँडाल्युसाइट, उष्णता वाढली की सिलिमनाइट. साधारण 500 अंश सेल्सिअस आणि 4 किलोबार दाबाच्या आसपास तिघांच्या सीमा एकत्र येतात.

इथे एक सापळा आहे. गार्नेटभोवती क्लोराइटची हिरवी कड दिसली, तर ती खडक तापत असतानाची समजू नका. तापताना खनिजांतलं पाणी निघून जातं, म्हणून थंड होताना ती सहसा मागे फिरत नाहीत. नंतर भेगांतून पाणी शिरलं, तरच गार्नेट कडेने क्लोराइटमध्ये बदलतं.

चुनखडीत वाळू मिसळलेली असेल, तर तापताना कॅल्साइट (चुनखडीचं खनिज) आणि क्वार्ट्झ (वाळूचं खनिज) मिळून वोलास्टोनाइट हे खनिज बनतं, कार्बन डायऑक्साइड निसटतो. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका: फसफसलं तर कॅल्साइट शिल्लक आहे, पांढऱ्या पात्या गप्प राहिल्या तर वोलास्टोनाइटचा संशय घ्या.

धातुकांचं, म्हणजे ज्यांतून धातू काढतात त्या खनिजांचं, वागणं वेगळं. गॅलेना (शिशाचं धातुक) मऊ; दाबाखाली ते वाहतं आणि घडीच्या वळणात जाऊन साचतं. पायराइट (लोह आणि गंधकाचं खनिज) मात्र टणक, ते नव्याने स्फटिकून सुबक घनाकृती स्फटिक तयार करतं. त्यामुळे धातुक आज जिथे जाड दिसतं, तिथेच मुळात साचलं होतं असं धरून चालू नका. जस्ताच्या साठ्यापाशी आणखी एक खूण सापडते, गाहनाइट: स्पिनेल गटातलं गडद हिरवं, जस्तयुक्त खनिज. ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिलला ते ठळक आहे. स्फॅलेराइट (जस्ताचं धातुक) झिजून नाहीसं झालं तरी गाहनाइट टिकतं, म्हणून ओढ्याची वाळू धुऊन उरलेल्या जड कणांत आठ पैलूंचे हिरवे दाणे भिंगाखाली शोधा आणि प्रवाहाच्या उलट दिशेने चालायला लागा.