पुण्यात राहून स्त्रीवादी नजरेनं कायदा शिकायचाय? माझा अनुभव सांगते

दरवर्षी सीईटीचे निकाल लागले की ज्युनिअर्स विचारायला लागतात, ताई एलएलएमला जेंडर घेऊ का, स्कोप आहे का, घरचे म्हणतात जज्जची परीक्षा दे. म्हणून एकदाच लिहून टाकते. मी बीए सोशिऑलॉजी, मग तीन वर्षांचं एलएलबी, एलएलएम, आता कौटुंबिक हिंसाचाराच्या केसेसवर पीएचडी चालू आहे आणि पोटासाठी तासिका तत्त्वावर शिकवते.

पैशाचं आधी बोलून घेऊ. तासिका तत्त्वावर घर चालत नाही, सुट्टीत तास नाहीत म्हणजे पैसे नाहीत. प्राध्यापकीच्या पात्रतेसाठी नेट किंवा सेट काढून ठेवा (सेट आपलं पुणे विद्यापीठच घेतं), वकिलीची सनदही काढून ठेवा, बाकी नशीब. झालं स्कोपचं.

आता खरं काम. नवीन मुलं थिअरीपासून सुरुवात करतात, अमेरिकेत सत्तरच्या दशकात क्रिटिकल लीगल स्टडीजवाल्यांनी काय म्हटलं, कायदा तटस्थ नसतो वगैरे, आणि दोन महिन्यांत कंटाळतात. माझं म्हणणं, आधी एक कलम धरा आणि त्याचा पिच्छा पुरवा. कुठलंही. मी बलात्काराच्या कलमातला नवऱ्याचा अपवाद धरला होता. १८६० च्या दंडसंहितेत होतं की बायको १० वर्षांच्या वर असेल तर नवऱ्यानं केलेला तो बलात्कार नाही. १८९१ ला ते वय १२ झालं, तेच आपलं संमतीवयाचं बिल, ज्यावरून पुण्यात रण पेटलं होतं आणि टिळकांनी केसरीतून लिहिलं की परक्या सरकारनं आमच्या धर्मात ढवळाढवळ करू नये. त्याच्या चारच वर्षं आधी, १८८७ ला, लहानपणी लग्न लावून दिलेल्या आणि नांदायला नकार देणाऱ्या रखमाबाईंना मुंबईच्या कोर्टानं सांगितलं होतं नवऱ्याकडे नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. म्हणजे भांडण इंग्रज विरुद्ध आपण असं चाललेलं आणि मधे पोरी. मग ते वय १३, १५ आणि २०१७ ला सुप्रीम कोर्टानं १८ केलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, वसाहतीचे कायदे संपले अशा बातम्या झाल्या, आणि कलम ६३ उघडून बघितलं तर नवऱ्याचा अपवाद जागच्या जागी, १८ वर्षांसकट. उलट जुनं ३७७ ('अनैसर्गिक' संभोगाचं कलम) अख्खंच गेलं, त्यामुळे सज्ञान पुरुषावर जबरदस्ती झाली तर नेमकं कुठलं कलम लावायचं हा प्रश्न उभा राहिला. आकडे पण बदललेत, नवरा-सासरच्यांच्या छळाचं ४९८अ आता ८५ आहे, पण पोलीस स्टेशनपासून घरातल्या भांडणापर्यंत सगळे अजून ४९८च म्हणतात, तुम्हीही दोन्ही पाठ ठेवा.

ह्या एका कलमावरून कळतं की राजकारण तापलं की बायकांचा कायदा पहिल्यांदा बाहेर काढला जातो. हिंदू बायकांना वारसा आणि घटस्फोटाचे हक्क देणारं हिंदू कोड बिल अडकलं, आंबेडकरांनी १९५१ ला मंत्रिपद सोडलं. तिहेरी तलाक, उत्तराखंडचा समान नागरी कायदा, महिला आरक्षण जे जनगणना आणि मतदारसंघ फेररचनेवर टांगून ठेवलंय, लाडकी बहीणचे दीड हजार. प्रत्येक वेळी दोन प्रश्न वेगवेगळे विचारा, बाईच्या हातात काय पडलं, आणि तिच्या नावावर कुणी काय कमावलं. उत्तरं जुळतीलच असं नाही. शाहबानोचं बघा ना, घटस्फोटित मुस्लिम बाईला पोटगी देणारा १९८५ चा निकाल फिरवायला १९८६ ला कायदा केला, सगळ्यांनी म्हटलं मुस्लिम बायकांचं वाटोळं झालं, राजकीयदृष्ट्या खरंच वाईट होतं ते. पण त्याच कायद्यात 'वाजवी आणि न्याय्य तरतूद' असे शब्द होते, वकिलांनी ते धरून काही हायकोर्टांतून एकरकमी रक्कम मिळवली आणि २००१ ला डॅनियल लतीफी केसमध्ये सुप्रीम कोर्टानंही तो अर्थ मान्य केला. टीव्हीवरच्या चर्चेत हे कधी येत नाही कारण दोन्ही बाजूंच्या सोयीचं नाही.

मथुरा केस सगळ्यांना माहीत असते पण निकाल वाचलेला कुणी नसतो. वाचा. १९७२, देसाईगंज पोलीस चौकी, आदिवासी मुलगी, बलात्काराचा आरोप पोलिसांवरच. सेशन्स कोर्टानं पोलिसांना सोडलं, नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली, १९७८ ला सुप्रीम कोर्टानं परत सोडलं, अंगावर जखमा नाहीत म्हणजे विरोध नव्हता. तिन्ही निकाल शेजारी ठेवले की तेच पुरावे आणि वेगळी बाई दिसते. १९७९ ला चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, त्यात आपल्या पुण्याच्या वसुधा धागमवार होत्या. आंदोलनं झाली, १९८३ ला कायदा बदलला आणि कोठडीतल्या बलात्कारात बाईनं संमती नव्हती म्हटलं तर कोर्टानं ते गृहीत धरायचं असं आलं. आणीबाणी नुकतीच उठलेली होती, पोलिसांबद्दल लोकांच्या मनात राग होता, हे लक्षात घेतलं नाही तर पत्राचं वजन कळत नाही.

आणि जात सोडून जेंडर करू नका प्लीज. खैरलांजीतल्या दलित कुटुंबाच्या हत्याकांडात (२००६) अॅट्रॉसिटीचं कलम कोर्टानं लागू धरलंच नाही. डान्सबार बंदीच्या वेळी (२००५) आपल्याकडच्या स्त्रीवाद्यांत सरळ दोन तट पडले, एक म्हणे रोजगार घेऊ नका, दुसरे म्हणे कुठल्या जातीच्या मुली नाचतात ते आधी बघा. विद्यापीठातलं स्त्री अभ्यास केंद्र आणि तिथे समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी केलेलं काम ह्यासाठी वाचायलाच हवं. लॉवाली मुलं तिकडे फिरकतच नाहीत हा मला खरंच वैताग आहे, जयकर ग्रंथालयापासून चालत जाता येतं.

कोर्टात जा. फॅमिली कोर्टात सुनावणी बंद दाराआड असू शकते, परवानगीशिवाय आत बसू नका, पण तिथे कायद्यानं वकील हक्कानं उभा राहू शकत नाही (कलम १३) आणि प्रत्यक्षात कॉरिडॉरभर वकीलच असतात, हे बघण्यासारखं आहे. घरगुती हिंसाचाराचा अर्ज ६० दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न करा असं २००५ चा कायदा म्हणतो. रोजनामा (केसची तारीखवार नोंद) वाचा, किती तारखा पडल्या, कशासाठी पडल्या, समन्स परत आलं, संरक्षण अधिकाऱ्याचा रिपोर्ट आला नाही, सगळं तिथे असतं. आणि बराचसा कागद मराठीत, जबाब, अर्ज, रोजनामा. बाहेरून आलेल्या हुशार मुलांना इथे दुभाषा लागतो, तुम्हाला नाही, मराठी मीडियमचा न्यूनगंड असेल तर तो इथेच सोडा.

टायटलबद्दल एक. पीएचडीचा सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) देताना कुणीतरी नक्की म्हणेल 'स्त्रीवादी' काढा, 'महिला सक्षमीकरण' घाला, राजकीय वाटतं. मला एका ठिकाणी असंच सांगितलं. मी टायटल बदललं, प्रकरणं तशीच ठेवली. तत्त्वाचं भांडण कमिटीसमोर करायचं की आत मजकुरात, हे ज्याचं त्यानं ठरवावं, पण गाइड निवडताना हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारा.

मुलाखती घ्याल तेव्हा नावं, गाव, नवऱ्याची कंपनी, काहीच लिहू नका, गावाचं नाव बदलून तालुका खरा ठेवला तरी ओळख पटते. आणि केस चालू असेल तर तिच्या वकिलाला विचारल्याशिवाय रेकॉर्डिंग नको, तुमचं रेकॉर्डिंग उद्या उलटतपासणीत तिच्याच विरुद्ध मागितलं जाऊ शकतं.