घानात नव्याने येणाऱ्यांसाठी: मामाचे नाते आणि जन्माचा वार

घानात स्थायिक होऊ पाहणाऱ्या आपल्या माणसांना मी सर्वांत आधी हेच सांगतो, की सहकाऱ्याला नुसता 'घानाचा' समजून थांबू नका. तो अशांती आहे की फान्टे, गा, एवे की दागोम्बा, हे ओळख वाढल्यावर आदराने विचारा. त्याची मातृभाषा, त्याचे सण आणि त्याचे कुळ त्यातून उलगडत जाते.

हे मी चूक करून शिकलो. अक्राजवळच्या तेमा या बंदराच्या शहरात पहिल्याच वर्षी एका अशांती सहकाऱ्याने मामाच्या अंत्यविधीसाठी आठवडाभराची रजा मागितली, तेव्हा मामा जवळच्या कुटुंबात मोडत नाही असे ठरवून मी दोनच दिवस मंजूर केले. देशाच्या लोकसंख्येत जवळपास निम्मा वाटा असलेल्या अकान समाजात, म्हणजे अशांती, फान्टे, अक्येम इत्यादींमध्ये, कुळ आईकडून चालते. मामाला 'वोफा' म्हणतात, आणि परंपरेने पुरुषाची मालमत्ता मुलाकडे न जाता बहिणीच्या मुलाकडे जात असे. १९८५ च्या कायद्याने, मृत्युपत्र न करता वारलेल्या माणसाच्या पत्नीला व मुलांना वाटा मिळवून दिला. तरीही मामा गेल्यावर भाच्यावर येणारी जबाबदारी मी पुढे अनेक घरांत पाहिली. त्या दोन दिवसांचे शल्य मला अजून आहे.

मात्र हाच नियम सर्वांना लावू नका. व्होल्टा नदीच्या पूर्वेकडील एवे आणि उत्तरेत तामाले परिसरातील, बहुतांशी मुस्लिम असलेले दागोम्बा यांच्यात वंश वडिलांकडून चालतो. शहरांतील 'झोंगो' वस्त्यांत, म्हणजे उत्तरेकडून आलेल्या, मुख्यतः मुस्लिम लोकांच्या मोहल्ल्यांत, हौसा भाषा उपयोगी पडते.

राजधानी अक्रा ही गा लोकांची भूमी. 'होमोवो' या मक्याच्या सणापूर्वी, साधारण मे-जूनमध्ये, तेथे सुमारे महिनाभर ढोल वाजवण्यास व गोंगाटास मनाई असते. त्या काळात वास्तुशांतीला ध्वनिवर्धक लावू नका.

डाव्या हाताने काही देऊ-घेऊ नये, हे आपल्याला घरूनच ठाऊक आहे. अकान घरांत मात्र जन्मवारावरून नाव ठेवतात: शुक्रवारचा मुलगा कोफी, मुलगी अफुआ, शनिवारचा क्वामे, मुलगी आमा. तुम्हालाही पहिल्या आठवड्यातच वार विचारतील, म्हणून निघण्यापूर्वी आईला विचारून ठेवा.